राज्यधर कोनाईचा पंजा आणि खालाचा अंगठा

गेल्या वर्षी रमजानच्या आदल्या आठवड्यात सोलापूरहून खालाचा फोन आला. आवाज घाबरलेला होता. "बेटा, मेरे खाते में पैसेच नै है रे." ईदच्या खरेदीसाठी पैसे काढायला ती बँकेत गेली होती. पासबुक भरून घेतले तेव्हा कळले, की दोन दिवसांत दोनदा दहा-दहा हजार रुपये निघाले आहेत. खालाकडे एटीएम कार्ड नाही. चेकबुक नाही. कुणी ओटीपी विचारला नाही, तिने कुणाला सांगितला नाही. पासबुकातल्या त्या दोन ओळींवर फक्त ‘एईपीएस’ अशी अक्षरे होती. म्हणजे आधारवरचा व्यवहार. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा, एवढे असले की पैसे मिळतात.

खाला चाळीस वर्षे विड्या वळते. पान कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. रेशन दुकानातले यंत्र कित्येकदा तिचा अंगठा ओळखतच नाही. दुकानदार म्हणतो, हात धुऊन या. ती हात धुते, ओढणीला पुसते, दुसरे बोट लावते. कधी तिसऱ्या प्रयत्नात जमते, कधी दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे लागते. आणि आता हे. "मैं लगायी तो पैचानता नै, और चोर लगाया तो पैचान लिया?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मी सोलापूरला गेलो. बँकेतल्या साहेबांनी संगणकात पाहिले आणि म्हणाले, "ठसा तर यांचाच लागलाय. आता आम्ही काय करणार?" पोलीस ठाण्यात अर्ज लिहून घेणाऱ्यानेही तेच विचारले, "मावशी, कुठं अंगठा लावला होता का? आठवून बघा." दोघेही वाईट माणसे नव्हती. पण दोन्ही ठिकाणी पैसे गेलेली बाई खुलासा देत होती आणि यंत्र साक्षीदार होते. साक्षीदाराला कुणी उलट प्रश्न विचारत नव्हते.

परतीच्या गाडीत ते एकच वाक्य डोक्यात घोळत राहिले. ठसा तर यांचाच आहे. हे वाक्य पहिल्यांदा कुणी, कुणाला ऐकवले असेल? घरी आल्यावर मी वाचायला बसलो. आणि शोध घेता घेता बंगालमध्ये, १८५८ सालात जाऊन पोचलो.

जंगीपूरचा कंत्राटदार

१८५७ चा उठाव नुकताच चिरडला होता. कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य येत होते. बंगालमधल्या जंगीपूर येथे विल्यम जेम्स हर्शेल नावाचा पंचविशीतला इंग्रज अधिकारी होता. घराणे नामांकित. आजोबांनी युरेनस हा ग्रह शोधलेला, वडीलही मोठे खगोलशास्त्रज्ञ. या हर्शेलला रस्त्याच्या कामासाठी माल हवा होता. त्याने राज्यधर कोनाई नावाच्या स्थानिक माणसाशी करार केला. कोनाईने कागद स्वतःच्या हाताने लिहिला. सही करणार तेवढ्यात हर्शेलच्या मनात एक कल्पना आली. शिक्क्यासाठी वापरतात ती तेलकट शाई त्याने कोनाईच्या तळहाताला फासली आणि अख्खा पंजा कागदाच्या पाठीमागे उमटवून घेतला.

हे शास्त्र म्हणून केले नव्हते. बोटांच्या रेषा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, हे हर्शेलला तेव्हा माहीत नव्हते. पुढे म्हातारपणी, १९१६ साली, त्याने या सगळ्याची हकिकत एका छोट्या पुस्तकात लिहिली. तिथे तो सरळ कबूल करतो, की कोनाईला धाक बसावा, उद्या त्याने ही सही माझी नाही म्हणू नये, एवढाच त्याचा हेतू होता.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आधुनिक जगातली ठशांची परंपरा जिथून मोजली जाते, तिथे पहिल्या ठशामागे ज्ञान नव्हते, संशय होता. तोही एकतर्फी. हर्शेलने स्वतःचा पंजा त्या करारावर उमटवला नाही. सरकार शब्द फिरवील अशी शंका घेण्याची सोय कोनाईला नव्हती.

हर्शेल मात्र या नादाला लागला. तो ओळखीच्यांचे, मित्रांचे, स्वतःचे ठसे घेत राहिला. वर्षांमागून वर्षे गेली तरी रेषा बदलत नाहीत, हे त्याने पाहिले. १८६० साली तो नदिया जिल्ह्यात होता. तिथे नीळ पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा असंतोष पेटला होता आणि खोट्या दस्तांचे खटले चालू होते. १८७७ साली हुगळीचा मॅजिस्ट्रेट असताना त्याने तीन ठिकाणी ठसे घेणे सुरू केले. पेन्शन घेणारे, दस्त नोंदवणारे आणि तुरुंगातले कैदी. पेन्शनर मेला तरी नातेवाईक पैसे उचलत राहतात, हा संशय. दस्त करणारा उद्या नाकारील, हा संशय. कैदी आपल्या जागी दुसऱ्याला पाठवील, हाही संशय.

आज पेन्शनरांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून त्यासाठी ‘जीवन प्रमाण’ नावाची सोय आहे. यंत्रावर बोट ठेवून आपण जिवंत असल्याचे सिद्ध करायचे. हर्शेलच्या हुगळीतली रांग फारशी हललेली नाही.

अजीजुल हक यांचे गणित

ठसे गोळा करणे वेगळे आणि हजारो ठशांमधून नेमका एक शोधून काढणे वेगळे. लंडनमध्ये फ्रान्सिस गाल्टनने १८९२ साली ठशांवर पुस्तक लिहिले, रेषांचे प्रकार पाडले. पण मोठ्या संग्रहात शोध कसा घ्यायचा, हा पेच सुटला नव्हता. तो कलकत्त्यात सुटला. सोडवणाऱ्याचे नाव काझी अजीजुल हक.

हक यांचा जन्म १८७२ चा, खुलना भागातला. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते गणित शिकले. बंगालचा पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री याला आपल्या कामासाठी आकडेमोड येणारा तरुण हवा होता. हक यांना सब-इन्स्पेक्टर म्हणून घेतले गेले.

त्यांची युक्ती समजायला सोपी आहे. आपल्याकडे लहान मुले एकमेकांच्या बोटांवरची चक्रे मोजतात. तुला किती, मला किती. तेच धरा. दहा बोटे आहेत. प्रत्येक बोटावर चक्र आहे किंवा नाही, एवढ्या दोनच शक्यता. दोनाला दहा वेळा गुणले की १,०२४ होतात. बोटांच्या पाच जोड्या करायच्या, प्रत्येक जोडीला १६, ८, ४, २, १ असे आकडे द्यायचे. चक्र असेल तर तो आकडा धरायचा, नसेल तर शून्य. जोडीतल्या एका बोटाची बेरीज वर, दुसऱ्याची खाली, आणि दोन्हींत एक-एक मिळवायचा. कोणत्याही माणसाच्या दहा बोटांना असा एक अपूर्णांक मिळतो. मग ३२ आडवे आणि ३२ उभे अशा १,०२४ कप्प्यांच्या कपाटात त्याचा कागद नेमक्या एका कप्प्यात जातो. लाख कागद असले तरी शोधणाऱ्याला सगळे चाळावे लागत नाहीत. ‘आहे’ की ‘नाही’ या दोन उत्तरांवर माणसाची ओळख बसवायची, ही संगणकाची रीत. ती संगणकाच्या कितीतरी आधी कलकत्त्यातल्या एका कारकुनी टेबलावर कागद-पेन्सिलीने साधली गेली होती.

१२ जून १८९७ रोजी हिंदुस्थान सरकारने या पद्धतीला मान्यता दिली. कलकत्त्याचे ठसे केंद्र जगातले पहिले ठरले. तिथे हक यांच्यासोबत हेमचंद्र बोस हे दुसरे अधिकारी होते. ठशांचे वर्णन तारेने पाठवता यावे यासाठी त्यांनी सांकेतिक पद्धत बसवली. पुढे १९०० साली हेन्रीचे पुस्तक आले, १९०१ साली स्कॉटलंड यार्डने हीच पद्धत उचलली आणि नंतर हेन्री लंडनचा पोलीस कमिशनर झाला. जगभर या पद्धतीचे नाव पडले ‘हेन्री पद्धत’.

हक यांना आपल्या कामाची नोंद घेतली जावी म्हणून अर्ज करावे लागले. उशिरा का होईना, पाच हजार रुपयांचे मानधन मिळाले, खानबहादूर ही पदवी मिळाली. १९२६ साली हेन्रीने लेखी कबूल केले, की आपल्या हाताखालच्या सर्वांमध्ये या कामाला सर्वाधिक हातभार हक यांचा लागला. १९३५ साली बिहारमधल्या मोतीहारीत त्यांचे निधन झाले. २००५ साली दोन भारतीय संशोधकांनी ‘करंट सायन्स’मध्ये या दोन विस्मृत अधिकाऱ्यांवर लेख लिहिला, तेव्हा नव्या पिढीपर्यंत त्यांची नावे पोचली.

आपल्या समाजमाध्यमांतल्या गटांत एक संदेश नेहमी फिरतो. कुरआनमध्ये बोटांच्या टोकांचा उल्लेख आहे, म्हणजे ठशांचे विज्ञान चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितले होते, असा. ती आयत मेलेल्या माणसाला अल्लाह पुन्हा उभे करील याविषयीची आहे, पोलिसांच्या कपाटाविषयीची नाही. मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हा संदेश मला दरवर्षी चार-पाच जण पाठवतात. अजीजुल हक यांचे नाव आजवर एकानेही पाठवलेले नाही.

पण त्यांचे नाव घेऊन नुसता अभिमान बाळगावा, असेही मला वाटत नाही. जगातल्या प्रत्येकाची ओळख पटवणारी पद्धत ज्याने बसवली, त्याचीच ओळख त्या पद्धतीवरून पुसली गेली. दप्तर कुणाच्या ताब्यात आहे, यावर सगळे ठरते. गणित कुणाचे, याने काही ठरत नाही.

जोहान्सबर्गची मशीद

हेन्रीच्या आयुष्यातला एक छोटा टप्पा सहसा सांगितला जात नाही. १९०० साली, बोअर युद्धाच्या काळात, त्याला दक्षिण आफ्रिकेत पोलीस दल उभारायला पाठवले होते. कलकत्त्याची पद्धत त्याच्यासोबत तिथे गेली. आणि सहा वर्षांनी तिथल्या हिंदी माणसांवर येऊन आदळली.

१९०६ साली ट्रान्सवाल सरकारने हिंदी व इतर आशियाई लोकांच्या नोंदणीचा नवा कायदा आणला. आठ वर्षांवरच्या प्रत्येकाने नाव नोंदवायचे, परवाना जवळ बाळगायचा, पोलीस मागतील तेव्हा दाखवायचा. आणि दहाही बोटांचे ठसे द्यायचे. गांधीजी तेव्हा तिथे वकिली करत होते. त्यांनी ठशांवरचे हेन्रीचे पुस्तक मिळवून वाचले. कायद्याने दहा बोटांचे ठसे फक्त गुन्हेगारांकडून घेतले जातात, हे त्यांना त्यातून कळले.

११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये सभा भरली. अध्यक्ष होते अब्दुल गनी. बोलायला उठलेले शेठ हाजी हबीब म्हणाले, की हा ठराव नुसता हात वर करून नको, खुदाला साक्षी ठेवून करू. गांधीजी क्षणभर दचकले. देवाच्या नावाने घेतलेली शपथ मोडता येत नाही, याची जाणीव त्यांनी सभेला करून दिली. मग सगळे उभे राहिले आणि शपथ झाली. ज्याला पुढे सत्याग्रह हे नाव मिळाले, त्याचा उगम इथला. ठसे देण्याच्या सक्तीविरुद्धच्या सभेतला, आणि एका हाजीने सुचवलेल्या शपथेतला.

त्यानंतर जे घडले ते आज आपल्याला अधिक शिकवणारे आहे. १९०८ च्या जानेवारीत गांधीजी आणि जनरल स्मट्स यांच्यात समझोता झाला. हिंदी लोकांनी आपखुशीने नोंदणी करावी, मग सक्तीचा कायदा मागे घेऊ, असे गांधीजींना समजले होते. ते स्वतः ठसे द्यायला निघाले. मीर आलम नावाच्या पठाणाला हा दगा वाटला. दहा बोटांचे ठसे गुन्हेगारांचे घेतात, असे तुम्हीच सांगितले होते ना? १० फेब्रुवारी १९०८ रोजी त्याने आणि साथीदारांनी गांधीजींना रस्त्यात बेदम मारले. जखमी अवस्थेतही गांधीजींनी आधी ठसे दिले. त्यांचे म्हणणे असे, की सक्तीने दिलेला ठसा अपमान आहे आणि आपखुशीने दिलेला ठसा सौजन्य आहे. फरक शाईत नसतो, नाही म्हणण्याच्या मोकळिकीत असतो.

कायदा मागे घेतला गेला नाही. आपखुशी संपली, सक्ती उरली. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात मोठी कढई ठेवली गेली आणि दोन हजारांहून अधिक नोंदणीपत्रे रॉकेल ओतून जाळण्यात आली. मीर आलम त्या दिवशी हजर होता. त्याने गांधीजींवर हात उचलल्याची चूक कबूल केली आणि आपले नोंदणीपत्र जाळायला दिले.

गांधीजींचा फरक बरोबर होता. पण मीर आलमची भीतीही खोटी नव्हती. आज राजीखुशीने दिलेले उद्या सक्तीचे होते, हे त्याने आधी ओळखले होते.

तारेच्या कुंपणापासून टेंभलीपर्यंत

माझी खाला ज्या शहरात विड्या वळते, त्या सोलापुरात हा इतिहास घराशेजारी आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. १९११ साली हा कायदा अधिक कडक होऊन मुंबई इलाख्यालाही लागू झाला. नोंद झालेल्या माणसाचे ठसे हवे तेव्हा घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड कुटुंबेच्या कुटुंबे ठेवली गेली. रोजची हजेरी, बाहेर जायला पास. गुन्हा केला म्हणून ठसा नव्हे, तर ठसा घ्यायचा आहे म्हणून गुन्हेगार. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. तरी तो शिक्का पुसला गेला नाही, हे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ वाचणाऱ्याला सांगायला नको.

मग महाराष्ट्राच्याच दुसऱ्या टोकाला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी आधारची सुरुवात झाली. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी आले होते. दहा बोटे, दोन डोळे, एक फोटो. हेतू चांगला सांगितला गेला. ज्याच्याकडे कोणताच कागद नाही त्याला ओळख मिळेल, मधला दलाल जाईल, गरिबाचे रेशन गरिबालाच मिळेल. हे सगळे खोटे होते असे मी म्हणणार नाही. कागदाअभावी हेलपाटे घालणारी माणसे माझ्याही घरात आहेत. आधार ऐच्छिक आहे, असेही सांगितले गेले. पुढे रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती, बँक, सिमकार्ड असे एकेक दार त्याला जोडले गेले आणि ऐच्छिक हा शब्द कागदावरच राहिला.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारविरुद्ध केलेल्या याचिकेतून हा निकाल आला. पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ रोजी, पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा मताने आधार टिकवले, खासगी कंपन्यांना आधार मागायला मोकळीक देणारे कलम मात्र रद्द केले. विरोधातले एक मत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचे होते.

२०२२ साली आणखी एक कायदा झाला. कैद्यांच्या ओळखीचा १९२० चा कायदा जाऊन नवा आला. अटक झालेल्यांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांची नोंद अशी माहिती आता घेता येते आणि ती ७५ वर्षे ठेवता येते. एका माणसाची अख्खी उमर म्हणा ना. आपल्या वस्त्यांत अटक आणि निर्दोष सुटका यांच्यामध्ये किती वर्षे जातात, हे वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

बोट बदलता येत नाही

आता खालाच्या प्रश्नाकडे येतो. तिचे खरे बोट यंत्र ओळखत नाही आणि खोटे ओळखते, हे कसे?

ठशांवर विसंबणाऱ्या यंत्रांना फसवता येते, हे संशोधकांनी फार आधी दाखवले आहे. २००२ साली जपानमधल्या योकोहामा येथील त्सुतोमु मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी जिलेटिनची बोटे बनवली. खाऊच्या जेलीत असते तेच जिलेटिन. बाजारातल्या अनेक यंत्रांनी ती खरी मानली. २००८ साली जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लबने ठशांचा आग्रह धरणाऱ्या त्यांच्याच गृहमंत्र्याचा ठसा, पाण्याच्या पेल्यावरून उचलून, छापून वाटला. २०१४ साली त्याच क्लबच्या एका संशोधकाने जर्मन संरक्षणमंत्र्यांचा ठसा नुसत्या छायाचित्रांवरून तयार करून दाखवला. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या नोकरदारांची माहिती चोरीला गेली. त्यात ५६ लाख माणसांचे ठसे होते.

पासवर्ड चोरीला गेला तर नवा ठेवता येतो. कुलूप बदलता येते. बोट कसे बदलणार? त्या ५६ लाख माणसांना सरकार नवी बोटे देऊ शकले नाही. आणि पासवर्ड निदान मनात राहतो. ठसा तर आपण दिवसभर पेल्यावर, दारावर, मोबाईलच्या काचेवर सोडत फिरतो. जी गोष्ट सगळीकडे सांडते तिला किल्ली मानायचे, हीच मुळात गडबड आहे. ठशाने माणूस ओळखता येईल, पण त्याची संमती ओळखता येत नाही. खालाचा ठसा लागला याचा अर्थ खालाने पैसे मागितले, असा होत नाही.

आपल्याकडे आणखी एक वाट खुली होती. जमीन-घराच्या नोंदणीकृत दस्तांवर अंगठे असतात. हे दस्त स्कॅन होऊन संकेतस्थळांवर गेले. काही राज्यांत पोलिसांनी पकडलेल्या टोळ्यांनी अशाच दस्तांवरून ठसे उचलून नकली अंगठे बनवले आणि आधारच्या व्यवहारांतून लोकांची खाती रिकामी केली. खालाने काही वर्षांपूर्वी भावाच्या नावे हक्कसोडपत्र केले होते. त्यावर तिचा अंगठा आहे, स्पष्ट उमटलेला. तिच्या बाबतीत हेच घडले असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तेव्हाचा तो अंगठा आजच्या तिच्या अंगठ्यापेक्षा ठळक आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले. चाळीस वर्षांच्या मेहनतीने तिच्या हातावरून जे पुसले, ते कागदावर शाबूत होते.

इतिहासाने अधिकाऱ्यांना एकदा सावध राहायलाही शिकवले होते. १८९८ साली जलपायगुडीच्या चहामळ्यातल्या एका व्यवस्थापकाच्या खुनाचा खटला चालला. बंगाली पंचांगावर रक्ताळलेला अंगठा सापडला होता आणि तो कंगाली चरण या जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. ठसा त्याचाच होता. तरी न्यायालयाने त्याला चोरीची शिक्षा दिली, खुनाच्या आरोपातून सोडले. ठसा माणूस तिथे होता हे सांगतो, त्याने काय केले हे सांगत नाही, एवढा विवेक १२५ वर्षांपूर्वी एका वसाहतीच्या न्यायालयाकडे होता. बँकेच्या काउंटरवर तो का नसावा?

आपल्या परंपरेत हजरत उमर यांची एक गोष्ट सांगतात. ते खलिफा असताना रात्री गस्त घालत होते. एका घरातून संशयास्पद आवाज आला म्हणून भिंत चढून आत गेले. घरधनी चुकीचे काम करताना सापडला. तो म्हणाला, अमीरुल मोमिनीन, मी एक गुन्हा केला, तुम्ही तीन केलेत. अल्लाहने पाळत ठेवायला मना केले आहे, तुम्ही ठेवलीत. दारातून या म्हटले आहे, तुम्ही भिंतीवरून आलात. सलाम करून परवानगी घ्या म्हटले आहे, तुम्ही घेतली नाहीत. खलिफा निरुत्तर होऊन परत फिरले. या गोष्टीतला चोरून बघणारा वाईट राजा नाही, सर्वांत न्यायी मानला गेलेला माणूस आहे. हेतू चांगला असला तरी दारातूनच यावे लागते. हे सरकारला सांगताना आपण घरात काय करतो, तेही पाहावे. मुलीचा मोबाईल तिच्या पाठीमागे उघडणारा बाप माझ्या मोहल्ल्यात दुर्मिळ नाही.

खालाचे पैसे अजून आलेले नाहीत. तक्रारीची पोच तिने कुरआन ठेवते त्याच कपाटात ठेवली आहे. मी तिच्या आधारचे बायोमेट्रिक ‘लॉक’ करून दिले. ही सोय मोफत आहे, ज्यांनी केली नसेल त्यांनी जरूर करावी. कुलूप लावले की कुणाचाही ठसा चालत नाही, स्वतःचाही नाही. तिला रेशन घ्यायचे असेल तेव्हा ती मला फोन करते, मी पुण्यातून ओटीपी घेऊन थोड्या वेळापुरते कुलूप काढतो, ती यंत्रावर बोट ठेवते. मागच्या महिन्यात यंत्राने तिला पहिल्याच फटक्यात ओळखले, म्हणून ती खूश होती. मग थोडे थांबून म्हणाली,

"मतलब मेरा अंगूठा अब तेरे मोबाईल में है?"

मी हो म्हणालो.